ग्रीक वीर मुलांच्या हाती कसे आले

हेराक्लीसची, म्हणजे रोमन लोकांच्या हर्क्युलिसची, बारा अचाट कामं मुलांसाठीच्या ग्रीक कथांच्या बहुतेक पुस्तकांत असतात. ती त्याच्यामागे का लागली, हे मात्र पुष्कळदा नसतं. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या जुन्या कथासंग्रहात कारण सरळ दिलं आहे. हेरा देवीने त्याला वेड लावलं, त्या भरात त्याने पोटची पोरं आगीत टाकली आणि डेल्फीच्या देवळातल्या कौलाप्रमाणे त्याला युरिस्थिअस राजाची चाकरी पत्करावी लागली. एवढा भाग गाळला की प्रायश्चित्ताची गोष्ट पराक्रमाची होते. या कथांवर अशी कात्री अडीच हजार वर्षं चालते आहे. कुठल्या काळाने काय कापलं, यावरून त्या काळाला पोरं कशी घडवायची होती तेही कळतं.

मुळात या कथा खास मुलांसाठी नव्हत्याच. अथेन्समध्ये मुलगा वाचायला शिकला की गुरुजी होमर, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा महाकवी, पुढे ठेवत आणि पाठ करून घेत. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला डूरिस नावाच्या चित्रकाराने रंगवलेला एक प्याला बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यावर गुरुजी गुंडाळी उघडून बसले आहेत, समोर मुलगा ताठ उभा आहे आणि गुंडाळीवरच्या ओळीत ट्रॉयजवळच्या स्कॅमँडर नदीचं नाव आहे. झेनोफन या ग्रीक लेखकाने रंगवलेल्या एका मेजवानीत निकेराटस फुशारकी मारतो, की वडिलांनी माझ्याकडून अख्खा होमर पाठ करून घेतला. त्यावर त्याला ऐकवलं जातं, की होमर गाऊन पोट भरणाऱ्यांनाही तो पाठ असतो आणि त्यांच्याइतके मूर्ख शोधून सापडायचे नाहीत. घोकंपट्टीवरचा हा टोमणा आजही शिळा वाटत नाही.

पहिली मोठी कात्री तत्त्वज्ञ प्लेटोची. 'रिपब्लिक'मध्ये तो आई आणि दाईच्या तोंडच्या गोष्टींपासूनच सुरुवात करतो. मन कोवळं असताना जे कानावर पडतं ते पुसलं जात नाही, तेव्हा गोष्टी निवडूनच सांगाव्यात, असं त्याचं म्हणणं. होमरचा वीर अकिलीस मित्रासाठी धाय मोकलून रडतो, डोक्यात राख घालून घेतो, हे त्याला नको होतं. रडका वीर बघून पोरं काय शिकणार? आपल्याला मात्र आज तोच अकिलीस जवळचा वाटतो.

त्याच्या थोडं आधी प्रॉडिकस या ग्रीक शिक्षकाने कापण्याऐवजी नवीन भर घातली. तरुण हेराक्लीस दोन वाटांपाशी बसला आहे. एक बाई सुखाची वाट दाखवते, दुसरी कष्टाची. झेनोफनने ही गोष्ट जपून ठेवली. तिला मूल्यशिक्षणाचा धडाच म्हणायला हवा, आणि खरं सांगायचं तर ती तितकीच कोरडी आहे. पण टिकली. इ.स. चौथ्या शतकात बॅसिल या ख्रिस्ती बिशपाने 'तरुणांनी परधर्मीयांचं वाङ्मय कसं वाचावं' हे लिहिताना हीच गोष्ट हाताशी घेतली. मधमाशी फुलातून नेमकं हवं तेवढं उचलते, तसं वाचा, असा त्याचा सल्ला होता. ग्रीक देव मागे पडले तरी ग्रीक वीर अभ्यासक्रमात राहिले, त्यात या युक्तिवादाचा वाटा मोठा.

पुढची कित्येक शतकं मुलं या वीरांना भेटली ती बहुतकरून लॅटिनच्या, नंतर ग्रीकच्या व्याकरणातून, छडीच्या धाकाने. मुलांनी सहज वाचावीत अशी पुस्तकं एकोणिसाव्या शतकात मुबलक झाली. इतिहासकार नीबूर रोममध्ये प्रशियाचा राजदूत होता; आपल्या लहान मुलासाठी त्याने रचलेल्या वीरकथा त्याच्या मृत्यूनंतर, १८४२ मध्ये छापल्या गेल्या. गुस्टाव श्वाबचे जर्मन खंड १८३८ ते १८४० मध्ये आले. (मराठी मुलांकडे तोवर ग्रीसहून इसाप येऊन पोचला होता; सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ ची. पण त्यात वीर नव्हते, कोल्हे आणि कावळे होते.)

खरी गंमत अमेरिकेत. नॅथनिएल हॉथॉर्नने १८५३ च्या पुस्तकात थीसिअस आणि बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर यांची गोष्ट सांगितली. जुन्या कथेत राजकन्या अरियाड्नी भुलभुलैयातून बाहेर पडायला दोरा देऊन थीसिअसला वाचवते, त्याच्याबरोबर पळते आणि तो तिला नॅक्सॉस बेटावर टाकून निघून जातो. हॉथॉर्नची अरियाड्नी जातच नाही. म्हाताऱ्या बापाला माझ्याशिवाय कोण, म्हणते. वर लेखक मध्ये पडून दटावतो, की थीसिअसने तिला टाकलं असं म्हणणारे हलकट मनाचे आहेत, आणि त्याच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांचीही गत मिनोटॉरसारखीच झाली असती! नुसतं गाळणं नव्हे, मूळ कथेलाच खोटं ठरवणं.

तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्ली या पाद्र्याने स्वतःच्या तीन मुलांना अर्पण केलेल्या पुस्तकात पर्सिअस, जेसन आणि थीसिअस यांच्या कथा गंभीर, भारदस्त भाषेत सांगितल्या. प्रस्तावनेत तो जाता जाता लिहितो, की मुलगे पुढे ग्रीक पुस्तकं वाचण्यात बराच वेळ घालवतील. मुली कदाचित ग्रीक शिकणार नाहीत, पण या गोष्टी त्यांनाही भेटतीलच. शाळेचं दार ज्यांना बंद, त्यांच्यासाठी ही पुस्तकं खिडकी ठरली.

विसाव्या शतकात चित्रांनी जोर धरला. डोलेअर दांपत्याचं १९६२ चं मोठ्या चित्रांचं पुस्तक अमेरिकेत कित्येक पिढ्यांनी वाचलं. २००५ मध्ये रिक रिऑर्डनच्या कादंबरीतला पर्सी जॅक्सन आला. रिऑर्डन स्वतः शाळेत शिकवायचा. वाचनाची आणि लक्ष लागण्याची अडचण असलेल्या त्याच्या मुलाला रोज झोपताना ग्रीक गोष्ट हवी असे. गोष्टी संपल्यावर बापाने नवा वीर रचला आणि त्याला तीच अडचण दिली.

खुद्द ग्रीसमध्ये हे वीर मुलांना भेटतात ते तिसरीत, आठ-नऊ वर्षांच्या वयात, आणि इतिहासाच्या तासाला. हेराक्लीस, थीसिअस, आर्गो जहाजावरचे वीर, ट्रॉय आणि ओडिसिअस यांच्यापासून तो विषय सुरू होतो. होमर आधुनिक ग्रीक भाषांतरात वाचायची वेळ त्यानंतर चार-पाच वर्षांनी, माध्यमिक शाळेत येते: आधी 'ओडिसी', मग 'इलियड'. त्या 'इलियड'मध्ये अकिलीस अजूनही रडतो.