ॲल्युमिनियमच्या जुन्या प्रवासी ट्रेलरांची जिल्हई

मोटारीमागे जोडून नेण्याच्या व आत राहण्याची सोय असलेल्या जुन्या अमेरिकी ट्रेलरांचा ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा घासून त्याला आरशासारखी चकाकी आणण्याची क्रिया. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंत बनलेल्या, विमानाच्या सांगाड्याप्रमाणे रिव्हेटांनी जोडलेल्या ट्रेलरांवर ती मुख्यतः केली जाते. त्यांत एअरस्ट्रीम हे नाव सर्वांत परिचित असले, तरी स्पार्टन, सिल्व्हर स्ट्रीक, स्ट्रीमलाइन इ. कारखान्यांचे ट्रेलरही येतात. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथे १९५५ पासून बनू लागलेले ॲव्हियन ट्रेलर मात्र या नोंदीच्या कक्षेबाहेरचे होत. त्यांच्या पत्र्यावर विद्युत् रासायनिक क्रियेने जाड व कठीण ऑक्साइड चढविलेले असते आणि ते घासून काढणे म्हणजे पत्र्याचे मूळ संरक्षणच काढणे होय.

मराठी वाचकाला जिल्हई म्हणताच कल्हई आठवते. परंतु दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट आहेत. कल्हईत नवसागराने साफ केलेल्या तापल्या भांड्यावर कथलाचा थर चढतो, तर येथे वरून काही चढत नाही. असलेल्या धातूचा अत्यंत पातळ अंश उतरतो. या क्रियेविषयीचे बहुतेक वाद याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

अशा ट्रेलरांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रिव्हेटांनी जोडलेले, धातूच्या कवचाचे पहिले उल्लेखनीय प्रवासी ट्रेलर कॅलिफोर्नियातील ग्लायडर-निर्माते विल्यम हॉली बोलस यांनी १९३४ च्या सुमारास ‘रोड चीफ’ या नावाने बनविले. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानाची बांधणी १९२७ मध्ये रायन कंपनीत झाली, तेव्हा बोलस त्या कारखान्यात जबाबदारीच्या पदावर होते. त्यामुळे विमानविद्येतील पत्राकाम ट्रेलरांत येण्याचा मार्ग त्यांच्यापुरता तरी स्पष्ट दिसतो. बोलस यांचा उद्योग १९३६ च्या सुमारास दिवाळखोरीत गेला आणि त्याच वर्षी वॉली बायम (१८९६–१९६२) यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. बायम त्याआधी प्लायवुड व तत्सम फळ्यांचे ट्रेलर बनवीत असत आणि काही काळ त्यांनी बोलस यांच्या ट्रेलरांची विक्रीही केली होती. क्लिपर हे स्वतंत्र अभिकल्पन मानावे, की रोड चीफचीच सुधारलेली आवृत्ती, यावर दोन पक्ष आहेत. कंपनीकडे झुकणाऱ्या लेखनात बायम यांच्या कल्पकतेवर भर असतो. दोन्ही ट्रेलर शेजारी ठेवून पाहिले असता मात्र आकाराचे साम्य इतके निकट आहे, की दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. रोड चीफचे दार पुढच्या टोकाला, जोडदांडीच्या वर होते आणि आत शिरताना दांडी ओलांडावी लागे. क्लिपरमध्ये ते बाजूला आले. रोज राहणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता, परंतु कवचाचा मूळ घाट तोच राहिला.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले व ट्रेलरांचे उत्पादन थांबले. युद्धानंतर पत्राकामात तरबेज झालेले कामगार आणि मोकळे झालेले कारखाने या व्यवसायाला मिळाले. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील स्पार्टन हा विमानांचा कारखाना ट्रेलर बनवू लागला, तर बायम यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात एअरस्ट्रीमची पुन्हा उभारणी केली. १९५२ मध्ये ओहायो राज्यातील जॅक्सन सेंटर येथे दुसरा कारखाना निघाला. जिल्हईसाठी आज हाती येणारे बहुतेक ट्रेलर या युद्धोत्तर काळातील असतात.

पत्र्याची घडण : जिल्हई कितपत साधेल, हे पत्र्याच्या घडणीवर ठरते. तांबे मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केल्यास पुढे आपोआप कठीण होत जाते, हा शोध जर्मन धातुवैज्ञानिक आल्फ्रेट व्हिल्म यांनी १९०६ च्या सुमारास लावला. त्यातून ड्युराल्युमिन हा मिश्रधातू आला. तो बळकट असला, तरी खाऱ्या व दमट हवेत शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा फार लवकर क्षरण पावतो. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील अल्कोआ कंपनीत १९२० च्या दशकात मिश्रधातूच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचे आवरण तप्त अवस्थेत लाटून एकजीव करण्याची पद्धत विकसित झाली. या जोडपत्र्यास ॲल्क्लॅड असे नाव पडले. १९३१ मध्ये आलेला ‘२४ एस’ हा मिश्रधातू या पत्र्याचा नेहमीचा गाभा होय. १९५४ च्या नव्या क्रमांकपद्धतीत त्यास २०२४ हा क्रमांक मिळाला. जुन्या कागदपत्रांत पहिले व नंतरच्यांत दुसरे नाव आढळते. धातू एकच असूनही ते दोन समजले गेल्याने वर्णनांत काही गोंधळ झालेला आहे.

आवरणाचे कार्य केवळ झाकण्याचे नसते. विद्युत् रासायनिक दृष्ट्या ते गाभ्यापेक्षा अधिक क्रियाशील असते. त्यामुळे पत्र्यावर ओरखडा पडून गाभा उघडा झाला, तरी आधी आवरण झिजते आणि गाभा वाचतो. पातळ पत्र्यात आवरणाची जाडी प्रत्येक बाजूस एकूण जाडीच्या सुमारे ५ टक्के ठेवतात. ट्रेलरांत नेहमी आढळणारा पत्रा ०.०३२ इंचाचा, म्हणजे सुमारे ०.८ मिमी. जाडीचा, तेव्हा जिल्हई करणाऱ्याच्या हाती जेमतेम ०.०४ मिमी. शुद्ध धातू असतो. आरशासारखी चकाकी त्यालाच येते. तो संपून गाभा उघडा पडला, की तांबेयुक्त कणांमुळे पृष्ठावर करडी झाक राहते आणि कितीही घासले तरी ती जात नाही. एकाच ट्रेलरवर सपाट बाजू लखलखीत, तर दोन्ही टोकांचे वक्र भाग किंचित काळसर, असेही पुष्कळदा दिसते. वक्र भागांसाठी वेगळा, बहुधा आवरण नसलेला मिश्रधातू वापरला जाई, हे त्याचे स्पष्टीकरण बहुतेक जाणकार मान्य करतात.

पत्रा कोणता, हे ओळखण्याची जुनी कसोटी कॉस्टिक सोड्याची आहे. पत्र्याचा लहान तुकडा मिळाल्यास त्याची कापलेली कड गुळगुळीत करून तीवर सोड्याच्या द्रावणाचा थेंब सोडतात. थोडे बुडबुडे येतात; पुसून भिंगातून पाहिले असता मधला गाभा काळा पडलेला व त्याच्या दोन्ही अंगांना केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषा उमटलेल्या दिसतात. या रेषा म्हणजेच आवरण. तीव्र अल्कली ॲल्युमिनियमला खाते, म्हणून ही कसोटी ट्रेलरच्या दर्शनी अंगावर घेत नाहीत. घरच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात जड पाणी उकळले की ते आतून काळवंडते आणि चिंच किंवा लिंबाने पुन्हा उजळते, यामागेही ऑक्साइडावर होणारी अल्कली व अम्ल यांची क्रियाच आहे.

मूळ चकाकीचा प्रश्न : कारखान्यातून निघताना हे ट्रेलर आरशासारखे होते काय, यावर पुनरुद्धारकांमध्ये एकमत नाही. एका मतानुसार आजची जिल्हई ही हरवलेली मूळ अवस्था परत आणते. दुसऱ्या मतानुसार लाटण गिरणीतून आलेला नवा ॲल्क्लॅड पत्रा उजळ असला, तरी त्यावर लाटणाच्या बारीक समांतर रेषा असत. तो आकाशाचा रंग परावर्तित करी, पण समोर उभ्या माणसाचा चेहरा त्यात नीट उमटत नसे. पत्र्याच्या निर्मितीची रीत पाहता दुसरे मत वस्तुस्थितीला अधिक जवळचे दिसते. आरशाची आवड नंतरची असावी आणि तिच्यामागे युद्धकाळातील विमाने चकचकीत करून प्रदर्शनात उडविणाऱ्यांचा प्रभाव असावा, असेही मानले जाते. जिल्हईची साधने व द्रव्ये मोठ्या प्रमाणात विमानक्षेत्रातूनच आली असल्याने हे मत निराधार म्हणता येत नाही. प्रवासी विमानांत उघड्या ॲल्युमिनियमला चमक देण्याची रीत अमेरिकन एअरलाइन्सने दीर्घकाळ पाळली व २०१३ मध्ये नवी रंगसंगती स्वीकारून ती सोडली.

पारदर्शक लेप व तंतुक्षरण : १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एअरस्ट्रीमच्या पत्र्यावर कारखान्यातच पारदर्शक प्लॅस्टिक लेप देऊ लागले. जंबुपार किरणांनी तो काही वर्षांत पिवळट होतो, तडकतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. त्याच्या कडेपासून, विशेषतः रिव्हेटांभोवती व पत्र्यांच्या सांध्यांवर, लेपाखालून नागमोडी धाग्यांसारखे क्षरण पसरते. समुद्रकाठच्या दमट हवेत वापरलेल्या ट्रेलरांवर ते अधिक आढळते. धाग्याच्या पुढच्या टोकाशी क्षरण चालू असते व मागे पांढरट भुकटी उरते. जिल्हईने हे धागे फिके होतात. खोल गेलेले मात्र बारीक खाचांच्या रूपाने राहतात. त्या पूर्ण काढण्याच्या नादात सभोवतालचे आवरण झिजविणे शहाणपणाचे नाही.

लेप असल्यास तो आधी रासायनिक द्रव्याने काढावा लागतो. पूर्वी यासाठी मेथिलीन क्लोराइडयुक्त द्रव्ये सर्रास वापरीत. त्यांच्या वाफा घातक ठरल्याने अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी ती विकण्यास बंदी आहे. त्यांची जागा बहुतांशी बेंझिल अल्कोहोलयुक्त द्रव्यांनी घेतली. ती सावकाश काम करतात, त्यामुळे लेप फुगून सुटेपर्यंत थांबावे लागते. खरवडण्यासाठी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरतात. पोलादी लोकर टाळतात, कारण तिचे तुटलेले कण पत्र्यात रुतून पुढे तेथेच क्षरण सुरू होते.

कृती : जिल्हईचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्यात लोकरीची गादी लावलेल्या फिरत्या यंत्राने जाड अपघर्षकाचा, म्हणजे धातू घासून झिजविणाऱ्या द्रव्याचा, लेप घासतात (हा वर सांगितलेला पारदर्शक लेप नव्हे). लेप अगदी थोडा लागतो. सुमारे दोन फूट लांबरुंद भागावर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके पुरतात. यंत्र सुरू होताच काही क्षणांत सारा भाग काळा होतो. हा काळेपणा मळाचा नसून ऑक्साइड व धातू यांच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. तो गादीखाली फिरत राहून विरळ होत जातो आणि त्यातून पत्रा उजळतो. नवख्या माणसाकडून या वेळी आणखी लेप घालण्याची चूक हमखास होते. तसे केल्यास काळा थर घट्ट होऊन चिकटतो आणि काम पुढे सरकत नाही. पत्रा उन्हाने तापलेला असला तरी हेच घडते, म्हणून काम सावलीत करतात. रिव्हेटांच्या रांगांवर यंत्र टेकवून धरू नये. डोकी झिजतात व गादीचे धागे त्यांत अडकतात.

फिरत्या यंत्राने आलेली चकाकी सावलीत निर्दोष भासते. उन्हात आणताच तीत गोलाकार रेषांची जाळी दिसू लागते. दुसरा टप्पा ही जाळी काढण्याचा. त्यासाठी दोन लहान गाद्या एकमेकींशेजारी कक्षेत फिरविणारे यंत्र वापरतात. अमेरिकेत ते ‘सायक्लो’ या व्यापारनामानेच ओळखले जाते. गाद्यांवर सुती लवदार कापड, बहुधा जुन्या स्वेटशर्टाचे, बांधतात आणि सर्वांत मऊ प्रतीचा लेप घेतात. कापड काळे पडताच बदलावे लागते. सांध्यांत व रिव्हेटांभोवती उरलेले काळे डाग मिनरल टर्पेंटाइनने किंवा कोरड्या कॉर्नफ्लॉरने पुसतात. काम कितपत उतरले, हे पाहण्यासाठी पत्र्याला काटकोनात मोजपट्टी धरून तिच्या प्रतिबिंबातील आकडे कुठवर स्पष्ट वाचता येतात ते पाहणे, ही साधी रीत आहे. संपूर्ण ट्रेलरला पहिल्यांदा जिल्हई करण्यास शंभराहून अधिक तास सहज लागतात. छप्पर खालून दिसत नसल्याने पुष्कळ जण ते सोडून देतात.

निगा : जिल्हई केलेल्या पत्र्यावर नवे ऑक्साइड तत्काळ तयार होते, ते काही नॅनोमीटर जाडीचे व पारदर्शक असल्याने चकाकीला बाधा आणत नाही. पुढे हवेतील ओलावा, धूळ व क्षार यांमुळे पृष्ठ हळूहळू मंदावते. उघडा पत्रा ठेवून वर्षाकाठी मऊ अपघर्षक लेपाने हलका हात फिरवावा असे काहींचे मत आहे, तर पुन्हा पारदर्शक लेप द्यावा असे इतरांचे. पारदर्शक लेप दिल्यास तंतुक्षरणाची शक्यता परत येते आणि पुढील जिल्हईपूर्वी तो पुन्हा काढावा लागतो, हे लक्षात घेता कोरड्या प्रदेशात तरी पहिला मार्ग बरा. चकचकीत ट्रेलर आतून थंड राहतो, ही समजूत अर्धीच खरी आहे : असा पत्रा ऊन पुष्कळसे परतवतो, परंतु शोषलेली उष्णता प्रारणाने (किरणांच्या रूपाने) बाहेर टाकण्यात तो फार कमी पडतो, म्हणून दुपारी हाताला चांगलाच तापलेला लागतो.

वस्तुसंग्रहालयांतील जतनाची दृष्टी याहून सावध असते. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात १९६३ चा ‘बांबी’ हा लहान एअरस्ट्रीम आहे, तर अपोलो–११ चे अंतराळवीर परतल्यावर ज्यात विलग ठेवले गेले तो एअरस्ट्रीमवरून बेतलेला कक्ष व्हर्जिनियातील उद्वार-हेझी केंद्र या विमानविषयक वस्तुसंग्रहालयात आहे. अशा वस्तूंच्या बाबतीत मूळ पृष्ठाला चकाकीपेक्षा अधिक मोल असते.

आवरण पूर्ण झिजलेला किंवा खोल खाचा पडलेला पत्रा बदलणे एवढाच मार्ग उरतो. रिव्हेटांची डोकी खरवडून व भोके पाडून ते काढतात, जुन्या पत्र्यावरून माप घेतात आणि नवा ॲल्क्लॅड पत्रा दोन माणसे आतून व बाहेरून ठोकून बसवितात. कापताना लाटणरेषांची दिशा शेजारच्या पत्र्यांशी जुळवावी लागते. ती आडवी-उभी झाली, तर जिल्हईनंतरही तिरप्या उन्हात तेवढाच तुकडा वेगळा दिसतो.