खुर्चीत बसून तलवारबाजी : संच नेण्यापूर्वी हे वाचा

सोसायटी, शाळा किंवा कंपनीत दिव्यांग आणि इतर मंडळींना एकत्र खेळवण्यासाठी आमच्याकडून तलवारबाजीचा संच नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

सगळ्यांनी बसायचं

व्हीलचेअरवरच्या खेळाडूसमोर उभा खेळाडू ठेवू नका. उभ्या माणसाला दोन पावलं मागे सरकून वार चुकवता येतो, बसलेल्याला येत नाही. मग उभा माणूस भीड म्हणून हात आखडता घेतो आणि खेळातली गंमतच जाते. दोघंही बसले, दोन्ही खुर्च्या त्यांना जागीच पकडून ठेवणाऱ्या फ्रेमला आवळल्या, की पायांचा प्रश्न उरत नाही. रोज चाकं ढकलणाऱ्याच्या खांद्यांत किती ताकद असते, ते नवख्याला पहिल्या मिनिटातच कळतं. व्हीलचेअर तलवारबाजी १९६०च्या रोम स्पर्धेपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. मणक्याला दुखापत झालेल्या जवानांसाठीच्या खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमुळे पुण्यालाही खुर्चीवरचे खेळ नवे नाहीत.

मांडणी

एका फ्रेमला ४ बाय ३ मीटर मोकळी जागा लागते. क्लबहाऊसच्या गुळगुळीत फरशीवर फ्रेम सरकते, म्हणून आधी रबरी मॅट अंथरा. खुर्ची मधल्या दांड्याशी ११० अंशांच्या कोनात बसते. फ्रेमवर खूण केलेली आहे. दोघंही उजवे असतील तर त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना येतात. एक डावा असेल तर दोघांची तोंडं एकाच बाजूला येतात आणि एक खुर्ची फिरवून लावावी लागते. यात दहा मिनिटं जातात, त्यामुळे डावखुऱ्यांची नावं आधीच वेगळी काढून ठेवा.

तलवारीच्या हाताकडचा आर्मरेस्ट काढायचा, दुसरा ठेवायचा. मोकळ्या हाताने तोच धरून पुढे झुकायचं आणि मागे यायचं असतं.

अंतर मोजण्याची घाई करू नका. एकाने हात पूर्ण लांब करून तलवार समोर धरायची, दुसऱ्याने आपला तलवारीचा हात कोपरात काटकोनात वाकवायचा. फॉईल या हलक्या तलवारीने खेळताना टोक त्या कोपराच्या आतल्या बाजूला पोहोचलं पाहिजे. मग उलट मोजायचं. दोघांच्या हातांची लांबी सारखी नसली तर दोन अंतरं निघतात. त्यांतलं कुठलं ठेवायचं, ते आखूड हाताचा खेळाडू ठरवतो. या नियमावर आमचा फार जीव आहे. बारा वर्षांची मुलगी आणि सहा फुटी मॅनेजर समोरासमोर बसले, तर मॅनेजरला थांबून तिला विचारावं लागतं.

लढत

फॉईलचं वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी असतं आणि गुण फक्त धडावर मिळतो, म्हणून सुरुवातीला हेच शस्त्र घ्या. लहान मुलांना प्लॅस्टिकची तलवार द्या. मास्क मात्र तेव्हाही हवाच. लढत पाच गुणांची किंवा तीन मिनिटांची. दोन फ्रेम आणि बारा जण असतील तर दीड तास पुरतो.

धडधाकट माणसाची हमखास चूक म्हणजे वार आला की फूटरेस्टवर पाय रोवून बूड उचलणं. आम्ही पहिल्यांदा ताकीद देतो, दुसऱ्यांदा समोरच्याला गुण. याबाबतीत पंचाने ढिलाई केली तर दहा मिनिटांत सगळेच उठून वार करू लागतात.

कुणाच्या हाताची पकड कमजोर असेल तर तलवारीची मूठ पट्टीने हाताला बांधता येते. कमरेचा तोल कमी असेल तर समोरच्याला पाठ टेकवूनच खेळायला सांगता येतं. पण ही सवलत हवी का, ते त्या खेळाडूलाच विचारा, सोबत आलेल्यांना नको.

दृष्टिहीनांबरोबर खेळताना डोळसांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची. पाती एकमेकांना टेकवून सुरुवात करायची आणि हॉलमध्ये पूर्ण शांतता ठेवायची, पंखेसुद्धा बंद. ऐकू न येणाऱ्यांना ‘थांबा’ हे हाताच्या खुणेने किंवा दिव्याने सांगा. मास्कमागचे ओठ दिसत नाहीत, म्हणून सूचना देताना मास्क काढा.

काय बिघडतं

क्लॅम्प ढिले पडतात, आणि ढिली खुर्ची मागे कलंडते. प्रत्येक जोडी बदलली की चारही आवळा. पात्याला कोनदार मोड आली असेल तर ते सरळ करत बसू नका, बाजूला ठेवा. अशा जागी पातं तुटतं आणि तुटलेलं टोक धारदार असतं. मास्कच्या जाळीत पोचा दिसला तर तो मास्क वापरू नका. वार लागल्याचं दाखवणारा दिवा लागत नसेल तर आधी अंगावरच्या वायरचा प्लग पाहा, बहुतेक वेळा तोच निसटलेला असतो.

मणक्याला दुखापत झालेल्या अनेकांना दुखापतीखालच्या भागात घाम येत नाही आणि अंग लवकर तापतं. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहाच्या आत आटपा, जॅकेट दोन लढतींच्या मध्ये उतरवा, पाण्याचा स्प्रे हाताशी ठेवा. त्यांनी आपली नेहमीची गादी खेळाच्या खुर्चीवर घ्यावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून दाब मोकळा करावा, नाहीतर जखम होते आणि बधिर त्वचेला ती कळत नाही.

नोंदणी करताना सांगा

किती जण खेळणार, त्यांत डावखुरे किती, कुणाला खुर्ची बदलताना मदत लागते. दरवाजा ९० सेंटिमीटर रुंद आहे का, पायरी आहे का. १ फूट चढायला १२ फूट लांबीचा रॅम्प लागतो. ‘चार जण उचलतील’ हा उपाय आम्ही मान्य करत नाही. पावसाळ्यात संच परत देताना जॅकेट वाळवून द्या आणि पाती कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या पिशवीत एका रात्रीत गंज चढतो.