नागपूरच्या उन्हात सेफ्टी शूज का फाटतात

हिंगणा एमआयडीसी असो की बुटीबोरी, शिफ्ट सुटल्यावर लोकांच्या पायाकडे बघा जरा. सोल अजून ठणठणीत असतो, पण बोटं जिथं वाकतात तिथं वरच्या चामड्याला आडवी चीर गेलेली असते. मालक म्हणतो माल हलका निघाला. कधीकधी तसं असतंही, पण पुष्कळदा त्या बुटाला घामानं अन् उन्हानं मिळून मारलेलं असतं.

चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रोटीन, त्याचे तीन-तीन धागे एकमेकांत पिळून झालेले तंतू आणि त्या तंतूंचं दाट जाळं. कच्चं कातडं ओलं राहिलं की सडतं, वाळलं की फळीसारखं कडक होतं आणि ओलं असताना साधारण ६० ते ६५ अंशाला आक्रसून जातं. टॅनिंगमध्ये, म्हणजे कातडं कमावताना, या तंतूंना एकमेकांशी बांधून टाकतात. आपल्याकडं पूर्वापार बाभळीची साल नि हिरडा वापरायचे, हिरडा तर विदर्भाच्या जंगलातलाच. आता सेफ्टी शूजचं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात आणि ते नीट कमावलेलं असलं तर उकळतं पाणीसुद्धा सोसतं. मग आपल्या ४५ अंशाच्या उन्हानं त्याला काय होणार, असं वाटेल ना? तर गोम तेलात आहे.

टॅनिंगनंतर चामड्याला तेल पाजतात. ते तंतूंवर बसतं म्हणून बूट वाकला की तंतू एकमेकांवरून सरकतात. आता दिवसभर घामानं भिजलेला बूट तुम्ही टिनाच्या पत्र्यावर वाळत टाकला, वरून ऊन, खालून तापलेला पत्रा, तर पाणी भराभर उडतं, तेलाचा थर रोज थोडाथोडा बिघडत जातो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी हजारदा वाकवल्यावर सरकायच्या ऐवजी तुटतात. शिलाईच्या कडेनं पांढरी रेघ दिसते ना, ते घामातलं मीठ, पाणी जिथून उडतं तिथं ते साचत जातं. ती ओल्या फडक्यानं पुसायची, वरून पॉलिश फासून लपवायची नाही.

वाळवायचं सावलीत, पंख्याखाली, आतला सोल काढून, बुटात जुना पेपर कोंबून. कूलरसमोर मात्र ठेवू नका, ती हवा आधीच ओली असते, बूट रात्रभर दमटच राहतो. परवडत असलं तर दोन जोड आलटून पालटून घाला, एका रात्रीत जाड चामडं आतून पूर्ण वाळत नाही.

घेताना 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर जाऊ नका, त्यानं फारसं काही कळत नाही. जिभेची किंवा गळ्याची कापलेली कड बघायला मिळाली तर बघा. वर घट्ट, खाली जरा मोकळे तंतू, पण सगळं एकजीव दिसलं तर वरचा अस्सल थर आहे. खाली नुसता लवदार भाग नि वर प्लास्टिकची पातळ साय असेल तर ते स्प्लिट लेदर, म्हणजे कातड्याचा खालचा थर, त्यावर कोटिंग. ते वाईटच असं नाही, पण कोटिंगला चीर गेली की पाणी आत गेलंच समजा. बोटांवरच्या स्टीलच्या टोपीसाठी, म्हणजे टो कॅपसाठी, आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा भाग २ बघायचा. त्यात टो कॅपला २०० ज्यूलचा मार सोसावा लागतो, म्हणजे ढोबळमानानं २० किलोचं वजन १ मीटरवरून पडलं तेवढा.

स्वस्त पडतात म्हणून चार जोड घेऊन माळ्यावर टाकणारे आहेत, त्यांनी सोलचा विचार करावा. पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका फोमसारख्या प्लास्टिकचा, सोल हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू तुटत जातो, बूट घाला की नका घालू. काही वर्षांनी कोरा करकरीत बूट काढावा आणि सोलचे तुकडे हातात यावेत, असं खरंच होतं. म्हणून बुटावरचा बनवल्याचा महिना-वर्ष वाचा, दुकानदार सेलचा माल म्हणून काढून देत असेल तर आधी तेच वाचा.

माप संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात सुजलेला असतो, आणि रोजचे जाड मोजे घालूनच घ्या. "घालून घालून सैल होईल भाऊ" हे चामड्यापुरतं खरं आहे, स्टील काही सैल होत नाही. बोटं कॅपला टेकत असतील तर मोठा नंबर मागा. टाच आत वरखाली होत असेल तरी नको, ओली त्वचा जास्त घासते आणि फोड तिथंच येतो.

बांधकामावरच्यांना एक वेगळं. सिमेंटचं पाणी जबर अल्कलाईन असतं, पीएच १२ च्या वर, आणि चामडं स्वभावानं आम्लधर्मी. सिमेंट त्यातलं तेलही खातं नि तंतूंनाही सोडत नाही. घरी जाईस्तोवर थांबू नका, स्लॅबचं काम संपलं की साईटवरच्या नळावर ओल्या फडक्यानं पुसून घ्या, आणि दिवसभर ओल्या काँक्रीटमध्येच उभं राहायचं असेल तर सरळ गमबूट घाला.