सुई, मूत्रपिंड आणि कान

शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाचं नाव निघालं की जुन्या पेशंटला गोळ्यांआधी सुई आठवते. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर कॅनामायसिन आठवड्यातले सहा दिवस, निदान सहा महिने टोचलं जाई. टीबी बरा होई, पण काहींचे कान कायमचे जात.

हा धोका उशिरा कळला असं नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना कॅनामायसिनच्याच कुळातलं टीबीवरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं. (१९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना.) सुरुवातीच्याच रुग्णांचा तोल जाऊ लागला होता; तोलही आतला कानच सांभाळतो. मग डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन आलं. त्यात तोल बराचसा राहिला, ऐकू येणं गेलं. पुढे कॅनामायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन आली. त्यांनीही कान आणि मूत्रपिंड सोडलं नाही.

ही औषधं लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं की ती साचतात. मूत्रपिंड बहुधा सावरतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी पुन्हा येत नाहीत. त्यातही आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. समोरच्याचं बोलणं ऐकू येतंय तोवर पेशंट तक्रार तरी कशाची करणार? म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कोर्सच्या आधी एकदा आणि मग ठरावीक दिवसांनी करायची.

पूर्वी जेंटा दिवसातून तीनदा देत. मग लक्षात आलं की औषधाची रक्तातली पातळी उंच चढली की जंतू जास्त मरतात आणि ती उतरल्यावरही काही तास डोकं वर काढत नाहीत. उलट औषध सतत थोडं थोडं मिळालं तर मूत्रपिंड ते जास्त शोषून घेतं. म्हणून बहुतेकांना दिवसाचा एकच मोठा डोस. पुढच्या डोसआधी रक्त घेऊन औषध उतरलंय का ते बघायचं. फॉर्मवर डोसची आणि रक्त घेतल्याची वेळ नसेल तर त्या रिपोर्टचा उपयोग शून्य, आणि वॉर्डात नेमकी तीच लिहायची राहते.

१९९३ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. आईकडून येणारा एक जनुकीय बदल असेल तर योग्य डोसनेही बहिरेपण येऊ शकतं. तेव्हा 'आजोळी कुणाचे कान इंजेक्शननंतर गेलेत का?' हेही विचारायला हवं.

२०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या लांबलचक उपचारांतून कॅनामायसिन वगळलं. अमिकासिन राहिलं, तेही कान तपासायची सोय असेल तरच.