रिजेक्शन वेगळं आणि जुना आजार परत येणं वेगळं

"आईचीच किडनी होती ना, तरी रिजेक्ट कशी झाली?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की वाक्य मीच पूर्ण करते. माझ्या भावाला बसवलेली आईची किडनी रिजेक्ट झालीच नव्हती हो, त्याचा जुना एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडून लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार) परत आला होता. दोन्हीची सरमिसळ करून नातेवाईकांनी आईच्या डोक्यात भरवलं की हिचीच किडनी जुळली नाही, आणि ती बिचारी कित्येक महिने तेच धरून बसली.

रिजेक्शन तुम्हाला माहितीये, ट्रान्सप्लांटवाल्या घरात पहिल्या दिवसापासून तेच कानावर पडतं. किडनी दुसऱ्याची, शरीराला परकी वाटते, इम्यून सिस्टीम तिच्यावर तुटून पडते, म्हणून तिला दाबणारी औषधं, टॅक्रो (टॅक्रोलिमस), मायकोफेनोलेट, स्टेरॉइड, घड्याळ लावून घ्यायची. झालं.

रिकरन्समध्ये, म्हणजे जुना आजार परत येतो तेव्हा, किडनी कुणाची आहे याचा प्रश्नच येत नाही. बऱ्याचदा मूळ बिघाड किडनीत नसतोच, तो रक्तात असतो, इम्यून सिस्टीममध्ये असतो, प्रायमरी हायपरऑक्झल्युरियात (शरीरात ऑक्झलेट जास्त बनण्याचा आजार) तर चक्क लिव्हरमध्ये असतो, आणि किडनी नुसती मार खात असते. बोअरच्या क्षारांनी गीझरची कॉइल गेली, तुम्ही कंपनीची नवी कॉइल बसवलीत, पण पाणी बोअरचंच. मग कॉइलला शिव्या देऊन काय उपयोग?

पटत नसेल तर पहिला यशस्वी ट्रान्सप्लांट बघा. 1954, बॉस्टन, डॉ. जोसेफ मरे, आणि डोनर म्हणजे पेशंटचा सख्खा एकसारखा जुळा भाऊ. जीन्स तेच, त्यामुळे शरीराला किडनी परकी वाटायचं कारणच नाही, रिजेक्शनचा विषय संपला. तरीही त्या काळात जुळ्यांमध्ये झालेल्या ट्रान्सप्लांट्सपैकी काहींमध्ये जुना नेफ्रायटिस (किडनीची सूज) नव्या किडनीत येऊन बसला. आता याहून चांगलं मॅचिंग कुठून आणणार?

दुसरी केस शिकागोची, 2012 मध्ये छापून आलेली, माझी एकदम लाडकी. एफएसजीएसच्या तरुण पेशंटला बहिणीची किडनी बसवली, काही दिवसांतच आजार परतला, उपायांना दाद देईना, तेव्हा चौदाव्या दिवशी ती किडनी काढली आणि डायबेटिसने किडन्या गेलेल्या एका 66 वर्षांच्या माणसाला बसवली. तिथे ती सुधारली! किडनी तीच, फक्त रक्त बदललं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट जेवली.

आता "गोळ्या चुकवल्या असतील" वाले. गोळ्या चुकवल्या तर रिजेक्शन होऊ शकतं, खरंय, चुकवायच्या नाहीतच. पण एफएसजीएस कधीकधी ऑपरेशननंतर काही तासांत किंवा दिवसांत परत येतो, पेशंट अजून बेडवर, गोळ्या नर्सच्या हातून जातायत, त्याने चुकवायचं काय आणि कधी? रिजेक्शनच्या गोळ्या या आजाराला अडवतीलच असं नाही.

क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) दोन्हीत वाढू शकतं त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. भावाचं तर छान उतरत होतं आणि त्याच वेळी लघवीत प्रोटीन धो धो जात होतं, फेस बघून आधी शंका त्यालाच आली. पक्कं बायोप्सीवरच (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं) कळतं, आणि सुरुवातीच्या एफएसजीएसमध्ये साध्या मायक्रोस्कोपला सगळं ठीक दिसू शकतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी लागते. हे ओळखणं महत्त्वाचं कारण ट्रीटमेंटची दिशा बदलते, भावाला प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला पातळ भाग काढून बदलणं) लागलं, आणि ते बघून पण मामा म्हणालाच, "म्हणजे रिजेक्शनच ना?"

सगळेच आजार परत येत नाहीत. पॉलिसिस्टिकवाले (किडनीत पाण्याच्या गाठी होणारे) निवांत राहा, दोष तुमच्या स्वतःच्या जीन्समध्ये, नव्या किडनीला त्या गाठी होत नाहीत (फक्त घरातला डोनर असेल तर त्याला तोच आजार नाही ना हे आधी तपासतात). आयजीए नेफ्रोपथी (आयजीए नावाच्या अँटिबॉडी किडनीत साचण्याचा आजार) परततो पण बहुतेकदा हळूहळू, वर्षानुवर्षं. एफएसजीएसमध्येही जीनमुळे झालेला सहसा परतत नाही, प्रायमरी (दुसऱ्या कुठल्या कारणाने न झालेला) असेल तर पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर साधारण तिघांत एकाला परततो, आणि तो परतल्यामुळेच पहिली बसवलेली किडनी गेली असेल तर दुसऱ्या वेळी धोका खूपच जास्त.

म्हणून फाइलमध्ये आजाराच्या जागी नुसतं 'सीकेडी' (क्रॉनिक किडनी डिसीज) लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. अहो ते आजाराचं नाव नाही, किडनी बराच काळ खराब आहे एवढाच त्याचा अर्थ. कशाने खराब झाली? आपल्याकडे खूप जण पोचतात तेव्हा किडन्या आकसलेल्या असतात, बायोप्सी करण्यात अर्थ उरत नाही, आणि मूळ कारण कायमचं गुलदस्त्यात. पण जुनी बायोप्सी झाली असेल तर तो रिपोर्ट शोधा, माळ्यावरच्या पिशवीत असला तरी, आणि डोनरच्या टेस्ट सुरू व्हायच्या आधी नेफ्रोसमोर (किडनीच्या डॉक्टरांसमोर) ठेवा. आमचा कपाटात साड्यांखाली सापडला, ट्रान्सप्लांटनंतर.