‘व्हार्डन पकड’ व्हार्डनची नव्हे

गोल्फची काठी धरताना उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवतात, त्या पकडीला जगभर ‘व्हार्डन ग्रिप’ म्हणतात. त्यामुळे ती गोल्फपटू हॅरी व्हार्डननेच शोधली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

स्कॉटलंडचा हौशी खेळाडू जॉनी लेडले व्हार्डनच्या आधीपासून असाच धरायचा, आणि १८८९ व १८९१ मध्ये तो ब्रिटिश हौशी स्पर्धेचा विजेताही झाला होता. डेव्हनचा जे. एच. टेलर हाही याच पकडीने खेळे. १८९४ ची ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा त्याने जिंकली तेव्हा व्हार्डनच्या नावावर एकही ओपन नव्हती.

मग नाव व्हार्डनचं का? जर्सी बेटावरच्या या गड्याने १८९६ ते १९१४ दरम्यान सहा वेळा ओपन जिंकली, जो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. शिवाय १९०० मध्ये अमेरिका पालथी घालून तिथलीही ओपन जिंकली. लोकांनी पाहिली ती त्याची बोटं. पकड त्याने घराघरांत पोहोचवली, एवढं श्रेय निःसंशय त्याचं; पण लेडलेचं नाव पुसलं जावं, हे मला फार खटकतं.