ठाणे किल्ला

ठाणे शहरात खाडीच्या पश्चिम काठावर असलेला हा भुईकोट सध्या मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे. बांधकामास पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांत आरंभ केला असावा. चिमाजी अप्पांच्या साष्टी (ठाण्याचा समावेश असलेले बेट) मोहिमेत मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, तेव्हा बांधकाम अपुरेच होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला आणि सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टीसह तो त्यांच्याकडे राहिला.

अभ्यासकांना मात्र हे स्थळ अधिक परिचित आहे ते १७८७ मध्ये पाया खणताना मिळालेल्या ताम्रपटामुळे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याचे हे दानपत्र शके ९३९ (इ. स. १०१७) मधील असून, पंडित रामलोचन यांनी केलेला त्याचा अनुवाद जनरल कार्नाक यांच्यामार्फत ‘एशियाटिक रिसर्चेस’ या संशोधनपर नियतकालिकाच्या पहिल्या खंडात आला. शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ (तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी) म्हणवीत. हे तगर कोठले, यावर पुढे शतकभर वाद झाला. अभ्यासकांपैकी विल्फर्ड यांनी देवगिरी, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचविले. फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेर हे स्थान निश्चित केले आणि तेथील प्राचीन अवशेष पाहता तेच ग्राह्य ठरते. बिरुद मूळ वसतिस्थानाचे स्मरण म्हणून धारण केलेले असल्याने त्यावरून ठाण्याच्या शिलाहारांची तेरवर प्रत्यक्ष सत्ता होती, असे मानता येत नाही.

गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात (१८१५) इंग्रजांच्या ताब्यात दिलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथे कैदेत होते. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. मराठ्यांचे इतिहासकार ग्रँट डफ यांच्या वृत्तांतानुसार एका अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) घोडा फिरवीत त्यांच्या खिडकीखालून ये-जा करी आणि निरोप सहज गुणगुणल्यासारखा गाऊन पोचवी. पहाऱ्यावरील गोऱ्यांना मराठी कळत नसल्याने कोणास संशय आला नाही. बिशप हेबर यांनी या गाण्याच्या ओळीही दिल्या आहेत, परंतु त्या रचलेल्या वाटतात. डफ यांचे कथन अधिक साधे व म्हणून अधिक विश्वसनीय आहे.

किल्ल्याचे तुरुंगात रूपांतर बहुधा १८३३ च्या सुमारास झाले. महादेव कोळी समाजातील बंडाचे नेते राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी, तर नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथे फाशी देण्यात आली. अंदमानला रवाना होण्यापूर्वी वि. दा. सावरकरही काही काळ या तुरुंगात होते.